तेरावा गोळा

अख्ख्या नाशकात ठोकून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला थोरला दीर म्हणून आला. आमचे थोरले भाऊजी कलिंगड ठोकून घेत, नारळ ठोकून घेत, त्यात काही विशेष नाही, सगळेच घेतात. पण भाऊजी वांगीसुद्धा ठोकून घेत. देवळाचा खांब, टांग्याचं चाक, शेजारच्या भटजींचा नवा पाट, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाची पाठ, काही म्हणून सुटत नसे. मधलं बोट वाकवायचं, टक् करून वाजवायचं, मान कलती करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. एकदा ताप आला म्हणून डॉक्टर घरी आले. त्यांनी छातीवर बोटं ठेवून वाजवलं, तर भाऊजींनी श्वास रोखून ऐकलं आणि डॉक्टरांच्या आधी सांगितलं की डाव्या अंगाला आवाज जरा बद्द येतोय. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे. तेव्हापासून भाऊजी त्या डॉक्टरांना आपल्या धंद्यातला माणूस समजू लागले.

मला पाहायला ही मंडळी सटाण्याला आली तेव्हा मी खाली मान घालून पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. बाकीचे माझ्याकडे बघत होते, भाऊजी तांब्याकडे. त्यांनी पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि रिकाम्या तांब्याला टिचकी मारली. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. भाऊजी म्हणाले, कुठे झाळून डाग दिलेला नाही, आणि आतून रोज घासलेला आहे, मुलगी पसंत आहे. माझं नाव काय, मला वाचता येतं का, एक अक्षर विचारलं नाही. त्या तांब्याचा मला पुढे फार दिवस राग होता.

आम्ही तांबट. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे आमची आळी, आणि आळीत उजाडल्यापासून ठोक्यांचा असा दणका की नव्या सुनेला पहिला महिना स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. आमच्या ह्यांचा हात मठारकामात होता. भांडं घडवून झालं की त्याच्यावर अंगभर बारीक, सारखे ठोके मारायचे, त्याला मठारणं म्हणतात. तीन ठोके आणि एक दम, तीन ठोके आणि एक दम, अशी ह्यांची चाल. आळीतली माणसं डोळे मिटून सांगत की हा ह्यांचा हात. भाऊजींचा हातही काही कमी नव्हता. गोलाई त्यांच्या नजरेतच होती. हंड्याचं पोट कुठे केसभर दबलं असेल तर ते त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसे, आणि मग ते रस्ता ओलांडून त्या परक्या माणसाला सांगायला जात. पण एवढा कसबी माणूस तांब्यापितळेत रमला नाही. तांबटाच्या घरात जन्म घेऊन त्यांनी जीव लावला तो पोलादाला, म्हणजे आळीच्या हिशेबी घरातली बायको सोडून परक्या घरी जेवायला जाण्यातलाच प्रकार.

त्याला कारण झाली एक चूक, आणि ती तांबटाच्याच हातून व्हावी अशी होती. तांबं ठोकून ठोकून ताठ झालं की आम्ही ते लाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो. त्याने ते मऊ पडतं आणि पुन्हा हातोड्याला वश होतं. लहानपणी भाऊजींनी बापाची पोलादी छिन्नी जरा मऊ करावी म्हणून तशीच लाल करून पाण्यात टाकली. पहिल्याच घावाला छिन्नी काचेसारखी तुटली. बापाने थोबाडीत दिली. भाऊजी सांगत की गाल चुरचुरत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. तीच आग, तेच पाणी, आणि एक मऊ होतं, दुसरं कडक होतं. हे कसं काय, एवढा एकच प्रश्न त्यांनी पुढे जन्मभर धरून ठेवला. जाऊबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, सासूसासरे नव्हते. त्यामुळे परसात पोलादाची भट्टी लावायला त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

मग, उन्हाळ्यात लग्न होऊन दसऱ्यानंतर, मी नांदायला आले. थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्यातली रीत. ती मी बरोबर अकरा दिवस पाळली. बाराव्या दिवशी दिवाळीच्या तळणाला कढई ठेवली तर तेलाचा डबा जागेवर नाही. बघते तो भाऊजी परसात त्याच तेलात लालभडक गोळ्या बुडवताहेत, चर्र आवाज होतोय आणि ते मान कलती करून ऐकताहेत. माझी रीत त्या तेलातच गेली. मी जे तोंड सोडलं ते पदराचं भानही न ठेवता, आणि रागात माझ्या तोंडून माहेरची अहिराणी सुटली. भाऊजींनी निमूटपणे डबा परत केला आणि म्हणाले, काही झालं नाही त्याला, नुसतं तापलंय. त्या वर्षी आमच्या चकल्यांना लोखंडाचा वास होता. घरच्या दोघांनी त्या चार दिवसांत संपवल्या, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

त्या दिवसापासून आमचं गूळपीठ जमलं. रोज दुपारी हात धुऊन भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे, चौकटीला टिचकी मारायचे आणि माझ्या माहेरच्या बोलीत विचारायचे, "आज काय शे?" मी म्हणायची, "पिठलं शे, भाऊजी." माहेर सोडून आलेल्या मुलीला रोज एकदा कुणीतरी तिच्या बोलीत हाक मारावी, याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, थट्टा करतात.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चारपाच वर्षं आधीची गोष्ट. सिन्नरच्या वाटेवर कुठेसा पूल बांधायचं काम चाललं होतं. तिथल्या कंत्राटदाराकडे दगड उचलायची यारी होती. यारी म्हणजे उंच खांबाचं, गोल फिरणारं यंत्र. तिचा खांब पायाशी दोन लोखंडी कड्यांवर फिरे आणि त्या कड्यांच्या मध्ये मोसंब्याएवढे बारा पोलादी गोळे असत. ते झिजून गेले होते, आणि विलायतेहून नवे यायला काही महिने लागणार होते. कंत्राटदाराला कुणी सांगितलं की तांबट आळीत एक वेडा आहे, तो गोल करून देईल. भाऊजींच्या आयुष्यातलं हे पोलादाचं पहिलं खरं काम. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

मुंबईच्या लोखंडबाजारातून मनगटाएवढी जाड सळई आली. तुकडे पाडून, तापवून, घणाखाली घालून भाऊजींनी तेरा गोळे घडवले. बारा द्यायचे, एक जास्तीचा. मग पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून बुडवायचं आणि कडक करायचं. पोलादाचा रंग बघायला ते भट्टीसमोर बसत आणि आमच्याच घरातले रंग मोजत: डाळिंबी झाला, कुंकवी झाला, आता शेंदरी व्हायच्या आत काढा. कोणतं पाणी बरं, याचाही त्यांनी छडा लावला. विहिरीचं, गंगेचं, मिठाचं, आणि एकदा माझं ताकसुद्धा. मिठाच्या पाण्यातल्या पोलादावरून कानस सगळ्यांत सहज घसरते, म्हणजे तेच सगळ्यांत कडक, असं ठरलं. शेवटी घासून तुळतुळीत करायला कुरुंदाची पूड घालून ते गोळे दोन खोबणीच्या चकत्यांमध्ये जात्यासारखे फिरवले, आणि तो दांडा फिरवायला मीही बसत असे. आठ दिवस मी पोलाद दळलं. ओव्या म्हणायच्या तेवढ्या राहिल्या.

काय सुंदर झाले होते ते गोळे. जमिनीवर ठेवले की त्यांच्यात आमची सगळी ओसरी दिसे, वाकलेली. कानस लावली तर नुसती घसरायची, ओरखडा म्हणून नाही. आगगाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे मिस्तरी जवळच राहत, ते बघायला आले. त्यांनी गोळा हातात खेळवला, खूप वाखाणला आणि जाता जाता म्हणाले, "त्या तेराव्याला फोडून बघ. वरून सगळेच कडक असतात."

भाऊजींनी तेरावा गोळा ऐरणीवर ठेवला, घण उचलला आणि तसेच उभे राहिले. तांबट भांडं फोडून बघत नाही. भांडं चांगलं की वाईट ते त्याच्या नादावरून कळतं. भाऊजींनी घण खाली ठेवला आणि गोळ्याला छोट्या हातोडीने टिचकी मारली. असा गोड आवाज आला की देवघरातली घंटा फिकी पडावी. मी दारात उभी होते. मी हसून म्हटलं, "इतकं देखणं कुणी फोडतं का, भाऊजी? द्या इकडे, मला दाराला लावायला होईल." त्यांनी तो माझ्या ओंजळीत ठेवला.

गोळे बसवायला दोघे भाऊ गेले. पहिले दोन दिवस यारी अशी फिरली म्हणतात की कंत्राटदाराने दोघांना फेटे बांधायचं बोलून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ती फिरता फिरता अडखळू लागली. ती थांबवून, काय अडलंय ते बघायला हे खाली वाकले आणि कड्यांच्या मध्ये हात घातला. त्याच वेळी आत एक गोळा फुटला, वरचं कडं एका अंगाला बसलं. दवाखान्यात ह्यांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी दारामागचा तेरावा गोळा उचलला, परसात नेला आणि घणाने फोडला. दोन्ही भकलं आणून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. मला ती अजून दिसतात. कडेला मोसंब्याच्या सालीएवढं राखाडी, रेशमासारखं बारीक पोलाद, आणि आत सगळा जाडाभरडा, चकचकणारा मऊ गाभा. मिस्तरींनी मागाहून समजावून सांगितलं. थंडावा बाहेरून आत जातो. गोळा बोराएवढा असेल तर गाभ्यापर्यंत वेळेवर पोचतो. मोसंब्याएवढा असेल तर तो पोचेपर्यंत आतलं पोलाद आपल्याआपण सावकाश निवतं, आणि सावकाश निवलेलं पोलाद कडक होत नाही. वर भार आला की मऊ गाभा दबतो आणि कडक साल फुटते. पाणी गंगेचं घ्या, मिठाचं घ्या, या सळईचा एवढा मोठा गोळा आतपर्यंत कडक होणारच नव्हता. भाऊजी ऐकत राहिले. पोराच्या मरणाची बातमी ऐकावी तसे.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडले नाही, रडले नाही, एक शब्द उणा काढला नाही. मी फक्त डोक्यावर पदर घेतला आणि रीत पाळू लागले. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, समोर उभं राहायचं नाही, ताट वाढून आत जायचं. आळीतल्या बायकांनी माझं कौतुक केलं, की बघा, आता कशी वळणावर आली. घरात असा अबोला पाच वर्षं चालला आणि बाहेर त्याचा कुणाला पत्ता नव्हता. तो अबोला आहे हे माहीत असलेली माणसं तीनच. हे मला म्हणत, अगं, दादाचा काय दोष, आणि डाव्या हाताने दुकानात भांडी पुसून ठेवत. मला ते ऐकवत नसे. आमच्या ओट्यावरचे तीन ठोके आणि एक दम बंद पडले होते, आणि तेवढा आवाज सोडून बाकीची सगळी आळी मला ऐकू येत होती.

भाऊजी पुढचा महिनाभर रोज दुपारी उंबऱ्याशी येऊन विचारत राहिले, "आज काय शे?" मी ताट सरकवून आत जायची. मग त्यांनी विचारणं सोडलं. आणि आणखी एक गोष्ट सोडली. ते काहीही वाजवून बघेनात. मंडईतून पांढरीफटक कलिंगडं येऊ लागली, कुजके नारळ येऊ लागले. एकदा तर चिरलेला माठ आणला, आणि तो रात्रीत गळून स्वयंपाकघरात तळं झालं. पूर्वी याच माणसाने तो माठ कुंभाराच्या अंगणातच निकालात काढला असता. मी पाणी पुसत होते आणि मला रडू फुटलं, पण ते मी माठासाठीच समजून घेतलं.

खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटत होती. फोडू नका, असं मी म्हटलं होतं. भाऊजींनी ते ह्यांना सांगितलं नाही, मिस्तरींना सांगितलं नाही, कंत्राटदार दारात येऊन नाही नाही ते बोलून गेला तेव्हाही सांगितलं नाही. पाच वर्षांत माझ्याकडे साधं त्या अर्थाने बघितलंही नाही. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं की तूच अडवलंस, तर मी कडाकडा भांडून मोकळी झाले असते. त्यांनी मला तेवढीही जागा ठेवली नाही.

एवढं होऊनही परसातली भट्टी विझली नव्हती. ते गोळे करत आणि फोडत. करत आणि फोडत. कोणी मागितले नव्हते, कोणाला नको होते. परसाच्या कोपऱ्यात अर्ध्या गोळ्यांचा ढीग साठला होता, प्रत्येकाचा गाभा मऊ. मग युद्ध सुरू झालं त्या सुमाराला मिस्तरींनी कुठल्याशा बंगल्यातल्या मोडलेल्या मोटारीच्या चाकांचा आस आणून दिला. म्हणाले, या पोलादात दुसरे कसलेकसले धातू मिसळलेले असतात, याला थंडावा आतपर्यंत मानवतो, आणि याला पाणी नको, तेल दे, पाण्यात तडकेल. भाऊजींनी आसाचा तुकडा ठेचून ठेचून जाड केला आणि त्याचा गोळा घडवला. त्या दुपारी मी त्यांना भट्टीशी बसलेलं पाहिलं. गोळा डाळिंबी होत आला होता आणि शेजारचं घमेलं रिकामं होतं. तेल मागायचं कुणाकडे, हा प्रश्न त्यांच्या पाठीवरसुद्धा दिसत होता. मी तेलाचा डबा उचलला, परसाच्या पायरीवर ठेवला आणि आत गेले. मागे चर्र आवाज झाला.

दोन दिवसांनी त्यांनी तो गोळा ओसरीवर आणला. मधोमध फुटावा म्हणून त्याला बाजूने कुरुंदाने घासून एक बारीक खाच पाडली होती. हे दुकानातून जेवायला आले होते. भाऊजींनी घण त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, तू मार. हे म्हणाले, डाव्या हाताने? भाऊजी म्हणाले, डाव्या हाताने.

मी आतून ओलं गोणपाट आणलं आणि गोळ्यावर टाकलं, कपच्या उडू नयेत म्हणून. ह्यांनी घण उचलला. पहिले ठोके वाकडेतिकडे पडले. मग हात बसला, आणि मला कळायच्या आत ऐकू आलं: तीन ठोके आणि एक दम. तीन ठोके आणि एक दम. समोरच्या ओट्यावरचे हातोडे थांबले. त्याच्या पलीकडचे थांबले. किती वेळ गेला माहीत नाही, गोणपाटाखाली एकदम कच्च झालं.

भाऊजींनी गोणपाट काढलं नाही. तोंड भिंतीकडे वळवून ते म्हणाले, "तू बघ."

मी बसले, भकल हातात घेतलं. कडेपासून मधोमधपर्यंत एकच राखाडी रंग. मी बोट फिरवलं, नखाने कोरून पाहिलं, उजेडात धरलं. साल नव्हती आणि गाभा नव्हता. सगळं एक होतं.

"त्या दिवशी फोडू नका असं मी म्हटलं होतं, भाऊजी," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले.

भाऊजी भिंतीकडेच बघत म्हणाले, "घण माझ्या हातात होता."

आळीतले हातोडे एकेक करून सुरू झाले. दोन्ही भाऊ हात धुवायला गेले. पानं मांडून झाली, भाऊजी खाली मान घालून पाटावर बसले, आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं, "पिठलं शे, भाऊजी." त्यांनी मान वर केली नाही. नुसतं, वाढ, म्हणाले. पण ताटाची कड त्यांनी बोटाने एकदा वाजवली.

त्यानंतर भाऊजी तीन वर्षं होते. त्यांनी पुन्हा गोळा केला नाही. तो आस संपला होता, आणि तसं पोलाद मागायला जावं अशी जागा त्यांना माहीत नव्हती. त्यांच्या हातून आयुष्यात एकच गोळा आतपर्यंत कडक झाला आणि तो आम्ही तिघांनी मिळून फोडला, कारण त्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. कलिंगडं मात्र पुन्हा लाल निघू लागली. ते गेले त्या दिवशी आळीने दुपारपर्यंत हातोडा उचलला नाही. त्या गोळ्याचं एक भकल मी ठेवून घेतलं आहे, स्वयंपाकघराच्या दाराला लावते. दुपारी पानं घ्यायच्या वेळेला मी त्याला कधी कधी टिचकी मारून बघते. अर्ध्या गोळ्याला नाद नसतो. तरी मान कलती करून मी ऐकते.